उलट्या वारीचा लाल ट्रॅक्टर

जुने ट्रॅक्टर विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या जगात शेतकरी नावाची जमात नसते. तिथला प्रत्येक ट्रॅक्टर कुणातरी मास्तरांचा असतो. मास्तरांनी तो एकहाती वापरलेला असतो, पेरणीपुरता बाहेर काढलेला असतो आणि बाकीचं वर्ष गोणपाट पांघरून निजवलेला असतो. माळशिरसजवळ रस्त्याकडेच्या बाभळीखाली जेवढे ट्रॅक्टर उभे होते, तेवढे सगळे मास्तरांचेच निघाले, तेव्हा मामांनी व्यापाऱ्याला विचारलं, "पाव्हणं, समदे मास्तर नांगरटीला, मग शाळंत कोण जातं?"

मामा वाल्ह्याचे. उमेदीच्या काळात सांगोल्याच्या बाजारातून बैल पारखून आणावेत ते त्यांनीच. नवा ट्रॅक्टर त्यांना नको होता. नव्या ट्रॅक्टरबरोबर हप्ता येतो, आणि पाऊस पडो न पडो, ठरल्या तारखेला उगवणारं पीक तेवढं एकच. मला सोबत नेण्याचं कारण असं, की मी वाचलेलं सांगतो, मामा ते नीट ऐकून घेतात आणि मग स्वतःला हवं ते करतात. निर्णय दोघांनी मिळून घेतल्याचं समाधान दोघांनाही लाभतं.

बाभळीखाली तीन उमेदवार होते. पहिला दोन सिलिंडरचा एचएमटी २५११. झेटर कंपनीच्या या २५ हॉर्सपॉवरच्या गड्याला १९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाहून हरियाणातल्या पिंजोरला आणलं गेलं. तिथला ट्रॅक्टरचा धंदा बंद करायचं सरकारने २०१६ मध्ये ठरवलं, तरी गडी अजून शेतात आहे. दुसरा तीन सिलिंडरचा मॅसी १०३५, चेन्नईचा. तिसरा चार सिलिंडरचा बी-२७५. याचं मूळ घराणं इंग्लंडमधलं, इंटरनॅशनल हार्वेस्टरचं. १९६३ मध्ये त्या कंपनीने महिंद्राशी भागीदारी केली आणि पुढे दोनेक वर्षांत हा कांदिवलीला तयार होऊ लागला.

"म्हंजी मुंबईकर," मामा म्हणाले. "मुंबईचा असून रानात राबतोय, ही गोष्ट मानली पाहिजे."

मी सिलिंडर मोजत होतो. मामांनी नीरेच्या फिटरला फोन लावला. "वस्ताद, तुला कुठला येतो?"

"लाल आणा," वस्ताद म्हणाला.

तिन्ही लाल होते. ब्रशला लागला तो डबा घेऊन व्यापाऱ्याने तिघांना एका जातीत आणलं होतं. शेवटी कोणत्या ट्रॅक्टरचा पार्ट रात्री आठला, दुकानाचं शटर अर्धं खाली आल्यावरही मिळतो, यावर प्रश्न सुटला. बी-२७५ वर वस्तादाचा हात बसलेला होता. जुना ट्रॅक्टर निवडताना लोक हॉर्सपॉवर विचारतात, मॉडेल विचारतात, साल विचारतात. मामांनी आधी फिटर निवडला आणि मग त्याला शोभेल असा ट्रॅक्टर.

मग पारख सुरू झाली. मामांनी इंजिनावर तळहात ठेवला. सकाळी सातला इंजिन कोमट होतं.

"मगाशी चालू केला हुता का?"

"न्हाई वो. ऊन लागलंय."

सूर्य अजून उसाच्या आड होता. मामा शांतपणे बांधावर बसले. "मग चहा सांगा. ऊन उतरू द्या जरा."

इंजिन पार गार होईपर्यंत आम्ही चहा पीत राहिलो. गरम इंजिन कुणाचंही चालू होतं. खरा स्वभाव गारठ्यातच कळतो. या जातीच्या इंजिनाला चालू होण्याआधी हिटर लागतो. व्यापाऱ्याने हिटर दिला, सेल्फ मारला, ट्रॅक्टर खोकला, पुन्हा खोकला आणि पांढरा धूर सोडत उठला. पांढरा धूर थोड्या वेळाने विरला तर चालतो. काळा धूर निघाला तर नोझल बघायचे. निळा निघाला, तर इंजिन डिझेलबरोबर ऑईलही पितंय असं समजून पैसे खिशातच ठेवायचे. मामांनी ऑईलचं झाकण काढून भोकावर हात धरला. तिथून धापा लागत असतील, तर रिंगा आणि लाइनर गेले म्हणायचे. धापा नव्हत्या, उसासे होते. उसाशांचे मामांनी वेगळे पैसे कापले.

पुढे लिफ्ट. मागे नांगर अडकवून वर उचलला आणि इंजिन बंद केलं. आता नांगर किती वेळात खाली येतो ते बघायचं. तेवढ्यात मी माझं ज्ञान पाजळलं. पूर्वी ट्रॅक्टर नांगराला नुसता ओढायचा. फाळ खडकाला अडकला, की पुढची चाकं उचलून अख्खं धूड चालवणाऱ्याच्या अंगावर यायचं. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने नांगर तीन ठिकाणी जखडून हायड्रॉलिकवर घेतला आणि नांगर ट्रॅक्टरचाच अवयव झाला. आज जगातला बहुतेक प्रत्येक ट्रॅक्टर मागून त्याचाच आहे.

"नांगर कुठवर आला ते बघ," मामा म्हणाले. नांगर अजून वरच होता. लिफ्ट पास.

रंगाची परीक्षा मात्र त्यांनी एका बोटाने घेतली. पुढच्या अॅक्सलच्या ग्रीस निपलांवरही लाल रंग चढला होता. म्हणजे रंगवल्यापासून तिथे ग्रीसगन लागलेलीच नाही. "मास्तर लई स्वच्छतेचे दिसतात," मामा म्हणाले, आणि व्यापारी पहिल्यांदा गप्प झाला. स्टिअरिंगला पाव फेरा प्ले होता. पहिला पाव फेरा माणसाच्या करमणुकीसाठी, चाकं त्यानंतर वळणार.

भाव ठरला तो बैलबाजाराच्या रीतीने, टॉवेलाखाली बोटं धरून. आकडा त्या टॉवेलाखेरीज कुणाला कळला नाही. मी घाबरून दुसरी गोष्ट सांगितली. १९३८ मध्ये याच फर्ग्युसनने हेन्री फोर्डशी असाच हातात हात देऊन व्यवहार केला होता, कागद नाही, सही नाही. पुढे फोर्डच्या नातवाने तो मोडला, कोर्टकचेरी झाली आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले.

"त्यानं टॉवेल घेतला नसंल," मामा म्हणाले. तरी मी व्यापाऱ्याकडून आरसी बुक मागितलं, चासी नंबर आणि इंजिन नंबर खिळ्याने रंग खरवडून ताडून पाहिले, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ बघितला आणि दुसऱ्या आरटीओत नेण्यासाठी फॉर्म २८, नावावर करण्यासाठी २९ व ३० यांवर सह्या घेतल्या. फोर्डसाहेबांना असा भाचा मिळाला असता, तर बराच खर्च वाचला असता.

मग निघालो. मामा सीटवर, मी मडगार्डवर. पंढरीला जाणारी माउलींची पालखी ज्या वाटेने वाल्ह्याहून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते करत माळशिरसला येते, त्याच वाटेने आम्ही उलटे चाललो होतो. पालखी महामार्गाचं रुंदीकरण झाल्यापासून या रस्त्यावर गाड्या डोळ्यांना दिसण्याआधी जातात. आमचा वेग वीस. आठव्या गिअरच्या पुढे आशाच नव्हती. उरलेले दोन गिअर मागे जाण्याचे होते.

वीसच्या वेगाने माणसाला सगळं ऐकू येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. सदाशिवनगरला आषाढात माउलींच्या अश्वाचं गोल रिंगण होतं. तिथे एका मोटरसायकलवाल्याने आमच्याभोवती अर्धं रिंगण घेतलं आणि ओरडला, "मामा, मागचं डावं चाक डुलतंय!" नातेपुत्याला फाट्यावरच्या टपरीवाल्याने आवाज ऐकूनच सांगितलं, की टॅपेटची सेटिंग करून घ्या. बरडला ऊसतोडीच्या एका मुकादमाने क्लच दाबून पाहण्याची परवानगी मागितली आणि बराच वेळ दाबून ठेवला. जुनी ओळख निघाली असावी. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे नवे ट्रॅक्टर टेप लावून मागून यायचे आणि पुढे जायचे. आमच्याकडे टेप नव्हता. त्याची गरजही नव्हती, कारण सायलेन्सर एकटाच सनई-चौघडा सांभाळत होता.

तरडगाव ओलांडलं आणि चांदोबाच्या लिंबापाशी, जिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं, तिथे आमचा ट्रॅक्टरही उभा राहिला. व्यापाऱ्याने टाकीत डिझेल नावापुरतं घातलं होतं. फलटणला भरलं, पण तोवर तळचा गाळ फिल्टरमध्ये गेला होता आणि पाइपात हवा.

रिंगणाला माणसं लागतात. ती आली. कुठून आली ते विचारू नये. एक ट्रकचा क्लीनर, एक सायकलवरचे आजोबा, दूध घालून परतणारे दोघे आणि घाईत असल्याचं सांगत शेवटपर्यंत थांबलेले एक पोस्टमन. प्रत्येकाच्या घरी, नाहीतर सासरवाडीला, कधीतरी असाच ट्रॅक्टर होता. मामांनी पाना लावायच्या आधी आजोबांनी तो हातातून घेतला. फिल्टर उघडून धुतला. वरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारायला घेतला; आधी फेस आला, मग फेसात बुडबुडे, मग धार. स्क्रू आवळला. मग पंपाकडचा स्क्रू, तिथेही तेच. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट ढिले करून सेल्फ मारला, तेव्हा एकेका नळीतून डिझेल थुंकलं. नट आवळले आणि इंजिन उठलं. टाळ्या वाजल्या. पोस्टमन म्हणाले, "बरं झालं, नाहीतर उशीरच होणार होता."

आजकालच्या गाडीचा दिवा लागला, की माणूस बोनटही उघडत नाही. आत काय आहे ते फक्त लॅपटॉपला कळतं. आमच्या ट्रॅक्टरच्या पोटातलं वाटसरूंना पाठ होतं.

लोणंदला चहा घेताना मी शेवटचं ज्ञान वापरलं. "मामा, एव्हरेस्टवाला हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो शेतातला फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन. चाकांना पट्टे चढवले होते फक्त."

मामांनी बशी खाली ठेवली. "वाटंत हवा धरली तर कोण भेटत हुतं?"

"कुणीच नाही."

"मग मोठा माणूस," मामा म्हणाले आणि मनापासून हळहळले.

नीरेला वस्ताद भर रस्त्यात वाट बघत होता. पूल उतरतानाच त्याने लांबून आवाज ऐकला आणि जवळ येईपर्यंत खर्चाची यादी तयार ठेवली: निपल मोकळे करणे, किंगपिनचे बुश, टॅपेट, सेल्फची घुंगरं. यादीत डावं चाकही होतं. मोटरसायकलवाल्याच्या म्हणण्यावर असं नीरेत शिक्कामोर्तब झालं.

वाल्ह्यात शिरलो तर निम्मं गाव पारावर. पहिला प्रश्न केवढ्याला, हा. मामा म्हणाले, "टॉवेलाला विचारा." मग आकडा न कळताच सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, की महाग पडला. शेजारचे दाजी तर टायरला लाथ मारून म्हणाले, असला भंगार मी फुकटही नेला नसता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दाजी दारात. "वापसा आलाय. तेवढं एक पाळी घालून आणतो."

"न्या की," मामा म्हणाले. "डिझेल तुमचं."

"आन् मधीच अडला, तर फोन करू?"

"फोन कशाला? बांधावरनं रस्त्याला आणा आन् नुस्ता हुभा करा. माणसं आपसूक येत्यात."