आजी, लग्न केलं का?

काकू जिवंत निघाल्या. अंगठा आधी जुळेना (साठ वर्षं भांडी घासल्यावर रेषा उरतात कुठं?), मग मोबाइलसमोर चेहरा धरला, तो जुळला. नोव्हेंबर, बँकेची रांग, हातात पासबुकाची पिशवी. शेजारधर्म म्हणून मी सोबत. हयातीचा दाखला झाला असं वाटेपर्यंत काउंटरवरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "आजी, पुन्हा लग्न केलं का?"

"काय म्हणून राहिला बाप्पा?"

"रकाना आहे."

वय ऐंशीला टेकत आलेलं. दोन्ही गुडघे बदललेले. पण रकाना आहे! कोणी सांगावं, गेल्या बारा महिन्यांत काकूंनी संधिवाताचं तेल चोळता चोळता स्थळ पाहिलं असेल, धरमपेठेत हॉल ठरवला असेल, बिछायतवाल्याला बयाणा दिला असेल, वरातीत वॉकर घेऊन नाचल्या असतील, पंगतीत सावजीऐवजी मऊ भात वाढला असेल आणि आता नवऱ्याला बाहेर रिक्षात बसवून केंद्र सरकारची फॅमिली पेन्शन लाटायला आत आल्या असतील. एका विधवेच्या चारित्र्यावर दरवर्षी एवढी नजर तिच्या सासूनंही ठेवली नव्हती.

आणि ही पहारेदारी कितीसाठी? काकांचा शेवटचा मूळ पगार 60,000 धरा. पेन्शन निम्मी, 30,000. काका गेले, काकूंना पगाराच्या 30 टक्के, म्हणजे 18,000. वर महागाई भत्ता, तोही त्याच प्रमाणात. आधी काकू गेल्या असत्या तर काकांचा एक पैसा कापला नसता. पंचाहत्तरीत बाशिंग बांधलं असतं तरी नाही. उलट नव्या बायकोचं नाव फॅमिली पेन्शनला लावता आलं असतं. बायकोच्या जागी फॅमिली पेन्शन घेणाऱ्या विधुरालाही हा प्रश्न विचारतात म्हणे. रांगेत असा एखादा दिसला तर मला दाखवा, चहा पाजतो.

बारा हजार कापले, म्हणजे काका एकटे घरातलं चाळीस टक्के खात होते, असा हिशेब. मग सिलिंडर चाळीस टक्के स्वस्त द्या ना! घरपट्टी कापा! मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा कूलरला सांगा, बाई एकटी आहे, जरा कमी वीज खा! फ्यूज काका फुकट बसवायचे, आता त्याचेही दोनशे जातात.

आणि या काकू नशीबवान बरं का. खासगी नोकरीतल्या पेन्शनचं किमान 2014 मध्ये 1,000 रुपये ठरलं, त्यावर दहा दिवाळ्या गेल्या तरी ते जागचं हललं नाही. काकूंच्या घरी पोळ्या लाटणाऱ्या बाईंना नवऱ्यानं तिशीत टाकलं. त्या सधवाही नाहीत, विधवाही नाहीत. त्यांना लग्न केलं का, असंही कोणी विचारत नाही.

"अन् केलं असतं तर?" काकूंनी पोराला विचारलं.

"पेन्शन बंद."

"अन् आमच्या ह्यांनी केलं असतं तर?"

पोरानं स्क्रीन वरखाली केली. "तसा रकाना नाही आजी."

काकूंनी 'नाही'वर सही केली. पायऱ्या उतरताना माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "पोरगा चांगला वाटला. त्याचं झालं का रे लग्न?"