भावपाडे यांचे बिऱ्हाड

वर्धा जिल्ह्यातील मध्यमवर्गीय गृहस्थाचे वर्गीकरण करू पाहणाऱ्या अभ्यासकाला ‘भावपाडे’ या प्रकारासाठी स्वतंत्र कप्पा ठेवावा लागतो. ऐकताना हे अस्सल वैदर्भी आडनाव वाटले, तरी ते कोणा एका घराण्याचे नाही. सांगितलेला भाव आहे तसा मान्य करणे म्हणजे कर्तेपणाला बट्टा, अशी ज्याची धारणा असते तो गृहस्थ भावपाडे होय. मग तो वर्ध्याच्या रामनगरात राहत असो, पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या वसाहतीत असो की हिंगणघाटात सूतगिरणीच्या बाजूला असो. पावशेर वांग्यांवर कोथिंबिरीची काडी फुकट मिळाल्याखेरीज तो बाजारातून हलत नाही, मिक्सर भंगारात गेला तरी त्याची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो, आणि तीस-पस्तीस वर्षांचा सबंध संसार ट्रकमध्ये भरून सातशे किलोमीटर दूर पाठवण्याची वेळ आली की तो संसार फोनवरच्या एका आवाजाच्या हवाली करून निश्चिंत झोपी जातो. या दोन वर्तनांत विसंगती आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पहिल्यातूनच दुसरे उपजते.

अशी वेळ या जिल्ह्यात वरचेवर येते. जिल्हाधिकारी कार्यालयातले कारकून, रेल्वेचे कर्मचारी, पुलगावच्या भांडारातले लोक, सेवाग्राम आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले अध्यापक, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले प्राध्यापक, या सर्वांची बिऱ्हाडे येत-जात असतात. अलीकडे त्यात अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला निघालेल्या जोडप्यांची भर पडली असून, भावपाडे यांचा सर्वांत पूर्ण विकसित नमुना याच गटात आढळतो. ज्या जिल्ह्यात 1936 मध्ये गांधीजी मोजक्या वस्तूंनिशी शेगावात राहायला आले आणि पुढे त्याच शेगावचे सेवाग्राम झाले, त्याच जिल्ह्यातल्या या गृहस्थाचा माळा मात्र छतापर्यंत भरलेला असतो.

माळा हा भावपाडे यांच्या हिशेबातला कायमचा अंधारा कोपरा होय. घरसामान हलवणारी जबाबदार कंपनी भाव सांगण्यापूर्वी माणूस पाठवून किंवा व्हिडिओ कॉलवर घर बघून सामानाची पाहणी करते, कारण किती खोकी, किती मोठी गाडी आणि किती हमाल लागतील हे त्यावरून ठरते. भावपाडे यांना ही पाहणी म्हणजे भाव वाढवण्याची युक्ती वाटते, म्हणून ते फोनवरच “दोन खोल्यांचं सामान आहे जी, जास्त काही नाही” असे सांगून मोकळे होतात. या ‘जास्त काही नाही’मध्ये सागवानी दिवाण, लोखंडी कपाट, धान्याच्या दोन कोठ्या, पितळी गुंड, पाटा-वरवंटा, शिलाई मशीन, वायगावच्या हळदीचा डबा, तुरीच्या डाळीचे पोते, कुरडयांचे पिंप आणि स्टँडसह कूलर यांचा समावेश असतो. पुण्यातल्या सातव्या मजल्यावर कूलर ठेवायला जागा नाही हे मुलाने तीनदा सांगितलेले असते; पण वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला, त्याला कूलरविना घर ही कल्पना सहन होत नाही.

भाव काढण्याची मोहीम इंटरनेटवर चौकशीचा अर्ज भरण्यापासून सुरू होते. असे अर्ज गोळा करणारी संकेतस्थळे ती माहिती अनेक व्यावसायिकांना विकतात, त्यामुळे दहा मिनिटांत पाच फोन येतात आणि पाचही जण एकाच नामांकित कंपनीच्या नावात ‘श्री’, ‘न्यू’ किंवा ‘इंडिया’ मिसळून स्वतःची ओळख करून देतात. वास्तविक येथे सावध होण्याची जागा आहे. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता कोणता, जीएसटी क्रमांक कोणत्या नावावर आहे (तो सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पडताळता येतो) आणि रस्ता वाहतूक कायद्याखाली ‘सामान्य वाहक’, म्हणजे भाडे घेऊन कोणाचाही माल वाहून नेणारा व्यावसायिक, म्हणून नोंदणी आहे की नाही, हे तीन प्रश्न विचारले की पाचांपैकी निदान तिघांचे नेटवर्क अचानक जाते. भावपाडे हे प्रश्न विचारत नाहीत. ते पहिल्याचा भाव दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा तिसऱ्याला ऐकवतात, आणि अठ्ठावीस हजारांवरून सुरू झालेली बोली चौदा हजारांवर आली की शत्रूचा किल्ला सर केल्याच्या आनंदात क्यूआर कोडवर दोन हजारांचा विसार पाठवून देतात. कोड कंपनीच्या नावाचा नसून कोणा व्यक्तीच्या नावाचा आहे, हे पडद्यावर स्वच्छ लिहिलेले असते.

त्याआधी ते गावातल्या एका जुन्या वाहतूकदाराकडे जाऊन आलेले असतात, हेही नमूद केले पाहिजे. त्या कार्यालयात ग्राहकाची थोरवी सांगणारे, गांधीजींच्या नावावर खपणारे ते सुप्रसिद्ध वचन भिंतीवर टांगलेले असते. देशभरच्या दुकानांत लटकणाऱ्या या वचनाला गांधीजींच्या लेखनात आधार अभ्यासकांना सापडलेला नाही, ही गोष्ट सेवाग्रामच्या इतक्या जवळ तरी ठाऊक असायला हरकत नव्हती. ते काही असो, वचन बनावट असले तरी तो वाहतूकदार खरा असतो. तो छापील अर्ज पुढे करतो, वस्तूंची यादी आणि किंमत लिहायला सांगतो, आणि कर धरून सव्वीस हजारांचा आकडा देतो. भावपाडे अर्जाची घडी घालून खिशात ठेवतात, कारण त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढे किराण्याची यादी होणार असते, आणि घरी येऊन जाहीर करतात, “कागदाचेच पैसे लावते तो!”

हे विधान चुकीचे नाही, फक्त ते तक्रार म्हणून केले जाते. 2007 च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार, जो 1 मार्च 2011 पासून लागू झाला आणि ज्याने 1865 चा इंग्रजी अमदानीतला कायदा मोडीत काढला, माल पाठवणाऱ्याने वस्तूंचे वर्णन व किंमत लिहिलेले पत्र द्यायचे असते आणि वाहकाने त्यावरून पावती द्यायची असते. व्यवहारात याच पावतीला बिल्टी म्हणतात. माल हरवला किंवा फुटला तर वाहकाने हयगय केली हे सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर नसतो, ही या कायद्याने ग्राहकाला दिलेली मोठीच सवलत आहे. मात्र भरपाईला मर्यादा आहे. जादा जोखमीचा दर भरून अधिक किंमत मान्य करून घेतलेली नसेल, तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती राहते, आणि तीही पत्रात लिहिलेल्या किमतीच्या वर जात नाही. भावपाडे यांच्या विजयाचा हिशेब येथे नव्याने मांडावा लागतो. भाड्यातून त्यांनी पाडलेला प्रत्येक हजार रुपया त्यांच्याच संरक्षणातून दहा हजार कमी करून जातो, म्हणजे अठ्ठावीसचे चौदा करताना त्यांनी स्वतःच्या सामानाची हमी एक लाख चाळीस हजारांनी खाली आणलेली असते. एवढ्याने समाधान न होऊन, विम्याचा हप्ता वाचावा म्हणून सबंध सामानाची किंमत ते ‘पंधरा हजार’ सांगतात. त्या क्षणी दिवाण, कपाट, शिलाई मशीन आणि गुंड यांची कायदेशीर किंमत पंधरा हजार ठरते, आणि ती ठरवणारा दुसरा कोणी नसून खुद्द मालक असतो.

विम्याबद्दल भावपाडे यांचे मत असे की तो काढूच नये, आणि काढल्यास ज्याला फोनवर विमा म्हटले जाते तोच काढावा. फोनवरचा आवाज सामानाच्या किमतीवर काही टक्के आकारून ‘रिस्क कव्हर’ देऊ करतो. ही पुष्कळदा वाहतूकदाराने स्वतःच दिलेली हमी असते, तिच्यामागे विमा कंपनी नसते. विमा खरा असेल तर विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि मालाचा तपशील असलेले प्रमाणपत्र गाडी सुटण्यापूर्वी हाती पडते. ते मागण्याचे काम या घरात सौ. भावपाडे करतात, म्हणजे करू पाहतात.

सौ. भावपाडे यांच्याविषयी चार शब्द अधिक लिहिणे न्यायाचे ठरेल. शंभर पानी वहीत त्यांनी प्रत्येक खोक्याला क्रमांक देऊन आत काय आहे ते लिहिलेले असते, टीव्ही चालू स्थितीत असल्याचा आणि कपाटाला पोचे नसल्याचा फोटो काढलेला असतो, दागिने व जमिनीचे कागद स्वतःच्या बॅगेत ठेवलेले असतात. नवरा या वहीला ‘बाईची पोथी’ म्हणतो. गाडी भरण्याच्या दिवशीचा संवाद साधारणपणे असा होतो:

“अहो, गाडीचा नंबर तरी लिहून घ्या. बिल्टीवर खोकी किती लिहिली तेही पाहा.”

“नंबर कायले पाहिजे? गाडी का पयून जाते? मी माणूस पाहून व्यवहार करत असतो.”

ज्या माणसाला पाहून व्यवहार झाला, तो माणूस भावपाडे यांनी पाहिलेलाच नसतो. फोनवर बोलणारा एका शहरात, खोकी बांधणारी पोरे गावातली आणि रोजंदारीची, गाडी तिसऱ्याच्याच मालकीची, आणि गोदाम चौथ्याचे, अशी ही वाटणी असते, ज्यात जबाबदारी कोणाच्याच वाट्याला येत नाही. पोरे मात्र कामाची असतात. कूलरच्या पोकळ पोटात दडवलेला भरलेला गॅस सिलिंडर त्यांना पहिल्या झटक्यात सापडतो. तो वितरकाकडे जमा केला असता तर अनामत रक्कम परत मिळून पुण्यात नवी जोडणी घेण्यासाठी हस्तांतराचा कागद मिळाला असता. पण भरलेला सिलिंडर परत करणे म्हणजे आतला गॅस दान करणे, हे भावपाडे यांच्या तत्त्वज्ञानात बसत नाही. सिलिंडर खाली उतरतो आणि माळा उघडतो. मग गाडी छोटी पडते, भाव वाढतो, आणि या एका वाढीपुरता तरी दोष आवाजाचा नसतो. शेवटी पोरे चहापाणी मागतात. जिल्हा दारूबंदीचा असल्यामुळे येथे त्याचा अर्थ निदान कागदोपत्री तरी चहा आणि पाणी एवढाच घ्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज पुन्हा फोनवर येतो, पण आता तो ‘काकाजी’ म्हणत नाही. वजन जास्त भरले, समृद्धी महामार्गाचा टोल वेगळा, आणि ई-वे बिल नसल्यामुळे गाडी अडवली असून दंडाचे अकरा हजार तात्काळ पाठवावेत, नाहीतर सामान गोदामात उतरवून दररोजचे भाडे लागेल, असे तो सांगतो. ई-वे बिल म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटी व्यवस्थेत काढावा लागणारा परवाना. वापरलेल्या घरगुती व वैयक्तिक सामानाला नियमांनी त्यातून सूट दिली आहे, आणि भावपाडे यांच्या सामानात वापरलेले नाही असे काहीच नसते. तेव्हा हा दंड बहुधा काल्पनिक असतो. वजनाचा मुद्दा असेल तर वजनकाट्याची रिकाम्या व भरलेल्या गाडीची पावती मागता येते. माल अडवून धरणे हा निव्वळ व्यवहारातला अडथळा नसतो, आणि वाहकाने विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे सांगितले की आवाज पुष्कळदा नरमतो. भावपाडे हे सांगत नाहीत. ते आधी आरटीओत असलेल्या भाच्याला, मग भाच्याच्या साडूला, मग एका माजी नगरसेवकाला फोन लावतात, तिन्ही ठिकाणी ‘बघतो’ असे उत्तर मिळवतात, आणि दुपारी अकरा हजार पाठवून देतात.

वास्तविक दार फार जवळ होते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता आला असता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे कंपनीच्या दूरच्या पत्त्यावर हेलपाटे घालावे लागत नाहीत. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण आयोग कागद मागतो, आणि कर वाचवण्यासाठी पक्के बिल नको असे भावपाडे यांनीच सांगितलेले असते. उरतात त्या क्यूआर कोडच्या नोंदी आणि बाईची पोथी.

भावपाडे तक्रार करत नाहीत याचे खरे कारण मात्र कागद नव्हे. तक्रारीत एकूण किती पैसे गेले ते लिहावे लागते, आणि तो आकडा त्या जुन्या वाहतूकदाराच्या सव्वीस हजारांच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. म्हणून वर्ध्याच्या मित्रांना ते फक्त पहिला आकडा कळवतात: “चौदात आणलं!” हा निरोप रामनगरात पोचतो, आणि पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणारा दुसरा भावपाडे तोच नंबर मागून घेतो.

पुण्याच्या घरात जागा नसल्यामुळे निम्मी खोकी गॅलरीत तशीच पडून राहतात. पोचवणाऱ्याच्या कागदावर ‘सामान ठीक मिळाले’ अशी सही, खोकी न उघडता, भावपाडे यांनी केलेली असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी पितळी ताटे शोधताना सौ. भावपाडे यांना वहीतला एकोणिसावा क्रमांक सापडत नाही. नुकसानीची लेखी सूचना वाहकाला 180 दिवसांच्या आत पोचली पाहिजे असे वाहतूक कायदा सांगतो, आणि हे दिवस खोके उघडल्याच्या तारखेपासून नव्हे, तर माल नोंदवल्याच्या तारखेपासून मोजतो. जून महिन्याच्या पहिल्या दिवशी नोंदवलेल्या बिऱ्हाडासाठी ती मुदत नोव्हेंबरअखेर संपते.