पथ्याचार्य

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक थकबाकीदार असतो आणि एक पथ्याचार्य असतो. पहिल्या दोघांना टाळता येतं. तिसरा लिफ्टच्या दारात गाठतो. तो स्वतः जिन्याने चाललेला असतो आणि नेमकं आपलं बोट बटणावर असताना त्याला दिसतं.

"दुसराच मजला ना तुमचा?"

"पिशव्या आहेत हो हातात."

"मग तर फारच छान! वजन घेऊन चढायचं म्हणजे दुप्पट फायदा."

आपण निमूट जिना चढू लागतो. तो मात्र खाली निघून जातो, कारण त्याला उतरायचंच असतं.

जन्मतः कोणी पथ्याचार्य नसतं. आमच्या ठाण्यातले हे गृहस्थ मूळचे बार्शीकडचे, नोकरी बँकेतली. अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत कँटीनमधला बटाटावडा दोन पावांबरोबर खाऊन वर "चटणी दे रे अजून" म्हणणारे. निवृत्तीच्या तोंडावर बँकेने सगळ्यांची तपासणी केली, त्यात यांचं एचबीए१सी ५.९ आलं. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तात साखर सरासरी किती होती, ते हा आकडा सांगतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. २०२३ साली आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले, त्यात देशात उंबरठ्यावर उभी असलेली माणसं १३.६ कोटी आणि आत जाऊन बसलेली १०.१ कोटी निघाली. पण १३.६ कोटींतले आपण एक, ही कल्पना आमच्या गृहस्थांना सोसण्यासारखी नव्हती. त्यांनी ५.९ ही पदवी म्हणून धारण केली. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते इतकंच: रोज चाला, तेल-मीठ-गोड कमी करा, तीन महिन्यांनी परत दाखवा. एवढ्या सल्ल्यावर मराठी माणसाचं समाधान होत नाही. फुकटात एवढं साधं सांगतो म्हणजे या डॉक्टरला काही येत नसणार.

तिथून संशोधन सुरू झालं.

पहिलं चालणं. रोज दहा हजार पावलं, मनगटावर घड्याळ, तलावपाळीला फेऱ्या. हा दहा हजारांचा आकडा वेदात नाही की वैद्यकातही नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, तेव्हा विकायला सोपा म्हणून हा गोल आकडा त्याच्या नावातच घातला. त्याहून कमी पावलांनीही चांगला फायदा होतो, असं पुढे अभ्यासांतून दिसलं. पण ९,६४० वर थांबायला पथ्याचार्य काय वेडे आहेत? रात्री साडेदहाला ते उरलेली ३६० पावलं जेवणाच्या टेबलाभोवती पुरी करतात. कोणाकडे समाचाराला गेले तरी बसत नाहीत. घरच्यांना वाटतं, केवढी तळमळ. एकदा सुट्टीत आलेल्या नातवाच्या हाताला त्यांनी ते घड्याळ बांधून त्याला खाली खेळायला सोडलं. त्या संध्याकाळी त्यांची बावीस हजार पावलं झाली आणि रात्री त्यांना शांत झोप लागली. रविवारी मात्र तलावपाळीच्या फेऱ्या झाल्या की सगळा कंपू चालतच मामलेदारच्या मिसळीला जातो. मटकी मोड आलेली असते, असा त्यांचा युक्तिवाद. तर्रीबद्दल ते काही बोलत नाहीत.

दुसरं म्हणजे रस. बागेच्या फाटकाशी कारलं, आवळा, दुधी, गव्हांकुर असे हिरवे रस विकणारा बसतो. तो रस रिकाम्या पोटी पिऊन झालेला मुरडलेला चेहरा म्हणजे आरोग्य आत शिरल्याची खूण, असं त्यांचं मत. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, महिन्याभरातच बाहेरचा दुधीचा रस बंद करवला. त्यांचं म्हणणं, दुधी चिरताना आधी एक कपटा जिभेला लावून बघायचा, कडू लागला तर अख्खा टाकून द्यायचा, हे आईने शिकवलंय. तो रसवाला बघतो का? पथ्याचार्य म्हणाले, "कडू तेवढं गुणकारी." पुढे कोणीतरी त्यांना दाखवून दिलं की कडू दुधीचा रस जिवावर बेतू शकतो, असा इशारा आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेच दिलेला आहे. तेव्हापासून ते हा इशारा सगळ्यांना देतात. काकूंच्या आईचा उल्लेख त्यात नसतो.

मग आला वादाचा काळ. अख्खा महाराष्ट्र दोन पंथांत विभागला होता. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित: दिवसातून दोनदाच जेवा, आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका, म्हणजे इन्सुलिन दोनदाच पाझरेल; मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. दुसरीकडे ऋजुता दिवेकर: थोड्या थोड्या वेळाने खा, घरचं खा, तुपाला घाबरू नका. लग्नाच्या पंगतीत मुलाकडचे दीक्षित आणि मुलीकडचे दिवेकर निघाले की आचारी हतबल होत. आमच्या पथ्याचार्यांनी समन्वय साधला. दोन वेळचं जेवण दीक्षितांचं आणि मधल्या वेळचं तूप, लाडू, दाणे दिवेकरांचे. दोघांनीही कपाळावर हात मारला असता. जेवताना मोबाईलवर पंचावन्न मिनिटांचा गजर लागे. एक्कावन्नाव्या मिनिटाला "अगं, आंबा चिरलास का?" अशी हाक येई आणि काकू हातातली भाकरी तव्यावर टाकून सुरी शोधत. चोपन्नाव्या मिनिटाला बाठ चोखून व्हायची. इन्सुलिनला पत्ता लागायचा नाही.

पथ्याचार्यांचं खरं बुद्धिवैभव मात्र पर्यायांत दिसतं. त्यांनी साखर सोडली, हे सोसायटीत सर्वांना माहीत आहे. तिच्या जागी गूळ आला. साखरेच्या चहात दोन चमचे असत, गुळाच्या चहात तीन, कारण गूळ नैसर्गिक आहे. गुळात बहुतांश साखरच असते आणि पोटात गेल्यावर रक्त तिची जात विचारत नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही असं नाही. ते ऐकतात, मान हलवतात आणि म्हणतात, "पण सेंद्रिय आहे." खजुराचे लाडू बिनसाखरेचे, म्हणून एका बैठकीला चार. गणपतीत तळलेले मोदक त्यांनी नाकारले आणि उकडीचे सात खाल्ले. "वाफवलेलं आहे हो," असं म्हणत मोदकाचं नाक फोडून ते वर तूप सोडत होते. एकादशीला त्यांचं लंघन असतं. त्याला ते आता इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात आणि साबुदाण्याच्या खिचडीने सोडतात. साबुदाणा म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदाचा जवळजवळ निव्वळ पिठूळ भाग, त्यावर दाण्याचं कूट आणि तूप. उंबरठ्यावरच्या माणसाने याहून सरळ आत जाण्याचा रस्ता शोधून दाखवावा.

मिठाचीही तीच कथा. गुलाबी मीठ आलं, पाकिटावर बर्फाची शिखरं. हिमालयाच्या उंच कुशीतलं हे मीठ बहुतेक पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून निघतं. त्याने बिघडत काही नाही. बिघडतं ते दोन गोष्टींनी. त्यातही सोडियम तेवढाच, आणि आयोडीन पुरेसं नाही. गलगंड हटवायला या देशाने १९६२ पासून मिठाला आयोडीन लावायचा खटाटोप केला, तो काय रंग आवडला नाही म्हणून सोडून द्यायचा? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे लहान चमचाभर, सगळ्या पदार्थांत मिळून. पथ्याचार्य म्हणतात, ते पांढऱ्याबद्दल आहे.

आणि भाकरी! यांच्या लहानपणी घरात रोज ज्वारीची भाकरी आणि पोळी सणाला किंवा पाहुण्याला. बहात्तरच्या दुष्काळात हे बारा वर्षांचे होते. रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी गिळताना त्यांनी शपथ घेतली होती, की मिळवता झालो की गव्हाशिवाय खाणार नाही. ती शपथ त्यांनी चाळीस वर्षं पाळली. मग भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं, आणि न्यूयॉर्कहून परवानगी आल्यावर यांनी भाकरीचा स्वीकार केला. नाचणीत धान्यांमध्ये सर्वांत जास्त कॅल्शियम असतं, हे त्यांनी काकूंना चार दिवस समजावलं. काकू चिपळूणच्या. नाचणीची आंबील पिऊन मोठ्या झालेल्या बाईने ते चारही दिवस ऐकून घेतलं, आणि पाचव्या दिवशी विचारलं, "भाकरी थापायलाही शिकणार का?"

ते शिकले नाहीत. निरोगी स्वयंपाकाबद्दल बोलणाऱ्यांना ही गोष्ट सहसा दिसत नाही, की पोळ्यांची कणीक सकाळी एकदा मळून ठेवता येते. भाकरीचं पीठ ऐन वेळी, गरम पाण्यात, तळव्याने रगडून मळावं लागतं. ती थापायची, तव्यावर टाकून पाणी फिरवायचं, मग विस्तवावर शेकायची आणि गरमच वाढायची. पथ्याचार्य पंचावन्न मिनिटं बसून जेवतात म्हणजे कोणीतरी पंचावन्न मिनिटं उभं असतं. मेथीदाणे रात्री भिजवायचे, सकाळी गाळायचे. तांब्याचा तांब्या चिंचेने घासायचा. मटकीला मोड आणायचे. हवेवर तळणारं ते यंत्र आणलं, त्याची जाळी धुवायची. एकूण प्रकृती यांची, मनगट काकूंचं.

खरी गंमत पुढे आहे. पहिल्या वर्षाअखेर एचबीए१सी ५.६ आलं. पथ्याचार्यांनी पेढे वाटले, अर्थात गुळाचे. श्रेय त्यांनी तांब्यातल्या पाण्याला, लाकडी घाण्याच्या तेलाला आणि पहाटेच्या कोवळ्या उन्हाला वाटून दिलं. मी काकूंना सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, किराण्याच्या यादीत तेल महिन्याला चार लिटर असायचं ते त्यांनी गुपचूप दोनवर आणलं. फोडणी तशीच तडतडते, पळी लहान घेतली. टेबलावरचं गुलाबी मीठ शोभेला, स्वयंपाकात साधंच, पण निम्मं. लिंबू आणि कोथिंबीर वाढवली की यांना कळत नाही. फरसाणाच्या डब्यात फुटाणे. आधी काकडीची कोशिंबीर आणि वरणाची वाटी पुढे ठेवायची, भाताचं पातेलं हाताला लागणार नाही असं ठेवायचं. गुळाचा डबा वरच्या फळीवर. "त्यांचा हात पोचतो, पण स्टूल घ्यावं लागतं. गुडघ्यामुळे कंटाळतात." डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं आणि त्याबद्दल एक व्याख्यान दिलं नव्हतं.

याच सुमारास पथ्याचार्यांनी संपूर्ण शरीर तपासणीचं पॅकेज घेतलं. जोडप्याने घेतलं तर चांगली सवलत होती. काकूंना सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं, त्या म्हणाल्या, "तुमचं मेथीचं पाणी कोण गाळणार? आणि मला काय धाड भरलीय?" पथ्याचार्यांनी फार आग्रह केला नाही. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून दुसरं कूपन सहा महिन्यांनी त्यांनी स्वतःच वापरलं. त्यामुळे त्यांच्या थायरॉइडपासून टाचेच्या हाडापर्यंत सर्व अवयवांची दोन-दोन वेळा नोंद आहे. काकूंचं हिमोग्लोबिन शेवटचं मोजलं ते धाकट्या मुलाच्या वेळी. तो आता चौतीस वर्षांचा आहे.

असे एक गृहस्थ तुमच्याही ओळखीचे असतील. भेटले तर त्यांचं सगळं ऐकून घ्या, त्यातलं निम्मं खरं असतं. मग काकूंचा रक्तदाब किती, एवढंच त्यांना विचारा. आकडा सांगता आला नाही, तर उद्या सकाळी काकूंना चहासुद्धा न देता तपासणीला न्या, आणि त्या दिवशीचं मेथीचं पाणी त्यांचं त्यांनाच गाळून घेऊ द्या. गाळणं सिंकच्या वर, डाव्या हाताच्या खिळ्याला आहे.