गल्लीत गतिरोधक कसा मिळवावा : इच्छुक पुणेकरांसाठी मार्गदर्शिका

पुण्यात मध्यवस्तीत घर मिळणे, मुलाला हवी ती शाळा मिळणे आणि गल्लीत गतिरोधक बसवून घेणे या गोष्टींना पूर्वसंचित लागते, असा समज आहे. पहिल्या दोन बाबतीत तो खरा असावा. तिसरी गोष्ट मात्र निव्वळ चिकाटीने साधते. ती कशी, हे सांगण्यासाठी ही मार्गदर्शिका. तिला आधार दोन : इंडियन रोड्स काँग्रेसची मानके आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन. दोहोंत मतभेद आढळल्यास चेअरमन अंतिम.

अर्जदाराची पात्रता

अर्जदार गल्लीतला रहिवासी असावा, त्याला वेळ असावा आणि त्याचे अक्षर वाचता यावे. तिन्ही अटी पुऱ्या करणारा माणूस बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो. आमचे चेअरमन तसेच आहेत. हयातभर त्यांनी लोकांचे कर्जाचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले. आता स्वतःचा अर्ज परत आला तर त्यांना राग येत नाही; समोरच्याने त्रुटी नीट काढली आहे का, हे ते आधी तपासतात. एकदा एका कार्यालयीन पत्रातली तारखेची चूक लाल शाईने दुरुस्त करून त्यांनी ते पत्र साभार परत पाठवले होते. असे करू नये. फाइल तळाला जाते.

चेअरमन स्वतः हेल्मेट घालत नाहीत. १ जानेवारी २०१९ पासून शहरात हेल्मेटसक्ती कडक झाली, तेव्हा पुणेरी पगड्या घालून दुचाकीवर निषेधाला निघालेल्यांत आपण होतो, असे ते अभिमानाने सांगतात. मग रस्तासुरक्षेचा एवढा कळवळा कसा, असे मी एकदा विचारले. त्यांचे उत्तर मला आजही बिनतोड वाटते : "हेल्मेट म्हणजे माझ्यावर सक्ती. गतिरोधक म्हणजे दुसऱ्यावर."

गरज सिद्ध करणे

"वाहने भरधाव जातात" हे वाक्य अर्जात लागतेच, पण त्याने कोणी हलत नाही, कारण वाहने भरधाव जात नाहीत अशी गल्ली आता कागदावरसुद्धा सापडायची नाही. खरा जोर "शाळकरी मुले, ज्येष्ठ नागरिक व गरोदर महिला" या ओळीत असतो. आमच्या गल्लीत शाळा नाही. चेअरमननी "शाळेकडे जाणारी मुले" असे लिहिले. मुले कोणत्या तरी शाळेकडे जातातच. ज्येष्ठ नागरिकांचा तर आमच्याकडे मुळीच तुटवडा नाही.

सोबत पाहणीचा तक्ता जोडला तर वजन पडते. चेअरमन गॅलरीत वही घेऊन बसले आणि वेगाने जाणाऱ्या गाड्यांचे नंबर त्यांनी टिपून काढले. संध्याकाळी यादीवर नजर फिरवली, तर निम्म्याहून जास्त नंबर ओळखीचे निघाले. आमचीच इमारत, शेजारची इमारत, समोरच्या बंगल्यातला डॉक्टर. सर्वाधिक वेळा आलेला नंबर ज्याचा होता, तो मुलगा त्याच क्षणी जिन्यातून "आजोबा, तुमच्या स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवलीय" असे ओरडत वर आला. अर्जाला तक्ता जोडला आहे. नंबरांचा रकाना नाही. अर्जात "बाहेरील वाहने" असा शब्द आहे.

अर्ज कोणाकडे

गतिरोधक बांधते महापालिका, पण कुठे बांधायचा यावर वाहतूक पोलिसांचे मत लागते. एवढी साधी गोष्ट कळायला नवख्या अर्जदाराचा एक पावसाळा जातो. क्षेत्रीय कार्यालये शहरात १५ आहेत. आपले कोणते, याची आधी खात्री करावी. तिथे सांगतात, पोलिसांचे ना हरकत पत्र आणा. पोलिसांकडे सांगतात, महापालिकेचे पत्र येऊ द्या, मग पाहणी करू. यात कोणीच खोटे बोलत नसते, ही यातली खरी अडचण.

उपाय असा. दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज द्यावा आणि प्रत्येकाच्या तळाशी "प्रत माहितीसाठी" म्हणून दुसऱ्याचे नाव टाकावे. पोच घ्यावी, तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही हवेत. नुसती सही म्हणजे पोच नव्हे, ती ओळख झाली. महिना-दीड महिना उलटला की माहिती अधिकारात अर्ज करावा : १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्याव्यात" एवढेच मागावे. "अजून का केले नाही" असे विचारू नये. हा अधिकार 'काय'ला आहे, 'का'ला नाही, आणि पुण्यातल्या बहुतेक अर्जदारांना नेमके 'का'च विचारायचे असते.

आणखी एक वाट आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. २००६-०७ पासून महापालिका पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते. पाच लाखांच्या आतले काम सुचवता येते. गतिरोधक त्यात आरामात बसतो. पदपथाची दुरुस्ती बसते, बसायची बाकेही बसतात. अर्ज मात्र वेळेत भरावा लागतो, आणि तो निघाल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर असते.

माननीय

पूर्वी यातले काही करावे लागत नसे. नगरसेवकाला सोसायटीच्या सत्यनारायणाला बोलवायचे, प्रसाद हातावर ठेवतानाच विषय काढायचा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. त्या काळात प्रभागात माजी होते, भावी तर चौकाचौकांत फ्लेक्सवर हात जोडून उभे होते. आजी तेवढे कोणी नव्हते. चेअरमननी व्यवहारी मार्ग काढला : अर्जाची एकेक प्रत प्रत्येक भावीला दिली. परिणामी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, गतिरोधकाचा पत्ता नसताना, "पाठपुराव्यास यश" असे वेगवेगळ्या चेहऱ्यांचे फलक लागले. ते फलक वाचण्यासाठी गाड्या काही दिवस खरोखरच हळू जात होत्या.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता पुन्हा माननीय आहेत. तेव्हा हे कलम सत्यनारायणासह वाचावे.

आचारसंहिता

या काळात अर्ज करू नये.

आकार

हा भाग रुक्ष आहे, पण सोडू नये. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वेगवेगळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून गाड्या नेऊन पाहिल्या गेल्या, आणि त्यातून एक माप ठरले. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसची शिफारसही त्याच मापाची आहे : उंची १० सेंटिमीटर, जायच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, वरचा भाग १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. यावरून ताशी साधारण २५ किलोमीटरने गाडी सुखाने जाते. ४० मीटर आधी सूचनाफलक हवा, वर रंगाचे पट्टे हवेत.

३.७ मीटर म्हणजे बारा फूट. आपण ज्याला गतिरोधक म्हणतो तो हातभर रुंद असतो, रस्त्यात आडव्या झोपलेल्या म्हशीसारखा अचानक समोर येतो, आणि त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. रुंद, सौम्य उंचवट्यावर वेग वाढवाल तसा धक्का वाढत जातो. अरुंद आणि उभ्या उंचवट्यावर हळू जाणाऱ्याचा मणका हलतो. सुसाट जाणाऱ्याची चाके नुसती आदळतात आणि तो कळायच्या आत पुढे गेलेला असतो. म्हणजे शिक्षा होते ती हळू जाणाऱ्याला, त्यातही दुचाकीवर मागे एका बाजूला बसलेल्या बाईला.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आले, तर जबाबदार ठेकेदाराला वा प्राधिकरणाला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम अर्जात जरूर घालावे. कागद निदान एक टेबल पुढे सरकतो.

जागा

गतिरोधक हवा, यावर आमच्या सर्वसाधारण सभेत एकमत झाले. तो कुठे हवा, यावर सभा तहकूब झाली. गतिरोधकावरून रात्री रिकामा टेम्पो गेला की मागचा फाळका खणखणतो आणि जवळच्या घरातला माणूस दचकून उठतो, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे प्रत्येकाला तो शेजाऱ्याच्या फाटकासमोर हवा होता. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "वरच्यांना काय त्रास? वरच्यांसमोर घाला." रस्त्याला मजले नसतात, हे त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी तो सभेला गैरहजर असलेल्या सभासदासमोर घ्यावा, असे ठरले. सभांना नियमित हजर राहावे, ते यासाठी.

बांधकाम

रात्री येतात. तुम्ही जागे राहून टेपने मोजू म्हणाल, तर शेजारच्या रस्त्याचे डांबरीकरण आटोपून उरलेला माल टाकला जात असतो आणि रोलरवाल्याला घरी जायचे असते. तरीही एक आग्रह सोडू नये : पांढरे पट्टे त्याच आठवड्यात मारून घ्यावेत. नवा, काळा, बिनपट्ट्याचा गतिरोधक अंधारात दिसत नाही आणि पहिले तीन-चार दिवस त्याच्यावर आपटतात ती गल्लीतलीच माणसे. आमच्याकडे पहिला मान चेअरमनच्या नातवाला मिळाला. फार लागले नाही. आजोबांची स्कूटर मात्र तेव्हापासून डावीकडे ओढते.

वापर

पावसाचे पाणी तुंबू नये म्हणून गतिरोधकाच्या दोन्ही कडांना थोडी जागा मोकळी सोडतात. पुण्यात ही दुचाकीची मार्गिका होय. दोन्ही दिशांच्या दुचाकी एकाच फटीतून जातात, आणि पायी चालणारा ज्या कडेने जीव मुठीत धरून चालत होता, नेमकी तीच ही कड. गतिरोधक ओलांडून जाणारा दुचाकीस्वार दिसला, तर तो पाहुणा समजावा.

इथे मार्गदर्शिका जरा बाजूला ठेवतो, कारण हे लिहिताना हसू येईनासे झाले. पायी चालणाऱ्यांसाठी पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतंत्र धोरण केले. कागद चांगला आहे. ११ डिसेंबरला पादचारी दिनही होतो, लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद करतात आणि लोक रस्त्याच्या मधोमध चालताना पोरांसारखे खूश दिसतात. बाकीचे दिवस पदपथावर स्कूटर, भाजी, विजेची डीपी आणि मंडळाच्या मांडवाचे वासे. आम्हीही गेली कित्येक वर्षे गतिरोधक मागतो आहोत. पदपथ कोणी मागितलाच नाही, कारण पदपथ मोकळा करायचा तर आमच्याच गाड्या उचलाव्या लागतील. नवले पुलाकडच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने डझनावारी गाड्यांना धडक दिली. त्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, हे आधीही माहीत होते आणि नंतरही. अपघात थांबलेले नाहीत. तिथे उतार आहे, अवजड गाड्या आहेत, गावात शिरलेला महामार्ग आहे. हा प्रश्न डांबराच्या उंचवट्याने सुटण्यातला नाही, आणि आमच्या गल्लीतला तरी तसा सुटणारा होता का, कोण जाणे.

असो.

पर्याय

ज्यांना अर्ज करणे जमत नाही, त्यांनी खड्ड्याची वाट पाहावी. त्याला ना हरकत पत्र लागत नाही, आणि वेग तोही कमी करतो. मात्र रस्ता नीट झाला तर हा पर्याय बुडतो. जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर करून दिला. हमी संपून किती वर्षे लोटली, तरी खड्डे न पडणारा रस्ता म्हणूनच त्याची ख्याती राहिली. त्या कंपनीला पुढे पुण्यात काम मिळाले नाही, असे जुने लोक सांगतात आणि एकमेकांकडे बघून हसतात.

गतिरोधक काढून टाकणे

हा भाग लवकरच लागेल, म्हणून इथेच देतो. गतिरोधक बसल्यावर पहिली तक्रार सभेला गैरहजर राहिलेल्या सभासदाची येते; ती रास्त असते. दुसरी पाठदुखीवाल्यांची. तिसरी, रुग्णवाहिकेला अडथळा होतो, ही. आणि ती करणारा माणूस सहसा नवी गाडी घेतलेला असतो. काढण्याच्या अर्जाची कार्यपद्धती बसवण्यासारखीच : दोन्हीकडे अर्ज, पोच, माहिती अधिकार. कारणे म्हणून पुन्हा शाळकरी मुले, ज्येष्ठ नागरिक व गरोदर महिला. तो काढला की चेअरमन दुसऱ्या दिवशी वही घेऊन गॅलरीत बसतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही, आणि खरे सांगायचे तर कोणी तरी बसायला हवेच आहे.

दोन्ही अर्जांचे नमुने, बसवण्याचा आणि काढण्याचा, आमच्या चेअरमनकडे सकाळी दहा ते बारा मिळतील. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. झेरॉक्सचे पैसे सुटे आणावेत.