निकालीनाना

58व्या वर्षी सरकार माणसाला निवृत्त करतं. त्याच्यातल्या कारकुनाला निवृत्त करण्याची तरतूद मात्र नियमांत कुठेच नाही. पहिले दोन-तीन महिने सत्कार, नारळ, अष्टविनायक आणि गुडघ्याचा एक्स-रे यांत बरे जातात. मग एके दुपारी चहा पिता पिता गृहस्थाची नजर घरावरून फिरते आणि त्याच्या ध्यानात येतं, की इथे गेल्या पस्तीस वर्षांत एकदाही दप्तर तपासणी झालेली नाही.

यांतले बरेचसे निरुपद्रवी निघतात. कुणी मिसळणाच्या डब्याला लेबलं लावतो, कुणी वॉचमनला हजेरीपत्रक आखून देतो, कुणी दूधवाल्याचा हिशोब गेल्या दिवाळीपासून पुन्हा मांडतो. अशांना बायका कोथिंबिरीला पिटाळतात आणि वेळ मारून नेतात. सांभाळून राहायचं ते निकालीनानापासून. त्याला घरातलं अर्धवट राहिलेलं काम दिसतं. स्वतःचं नव्हे, ते 'विचाराधीन' असतं. बायकोचं असलं की 'प्रलंबित'.

आमच्या शेजारचे नाना साताऱ्याला तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. 1980च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतला पसारा आवरायची जी रीत घालून दिली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली. नाना नोकरीला लागले ते त्याच दिवसांत. बरोबरीची पोरं तेव्हा नट्यांचे फोटो जमवत होती, नाना परिपत्रकं जमवत होते. आजही ते पेपर वाचून झाला की घडी घालून, डाव्या कोपऱ्यात तारीख टाकून ठेवतात. रद्दीवाल्याला आमच्या आळीत इतकी व्यवस्थित रद्दी दुसरीकडे मिळत नाही.

प्रकरण सुरू झालं पितृपक्षात. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, हा आमच्याकडचा नेम. पूर्वी वाकळांची गाठोडी बैलगाडीतून नदीवर जायची. आता गच्चीत टब मांडतात आणि नवऱ्याला पिळायला बोलावतात. नानांच्या पत्नी माई वाकळा काढायला माळ्यावर चढल्या, नानांनी स्टूल धरलं. वरून एकेक बोचकं खाली येऊ लागलं. ही धुवायची नव्हती, शिवायची होती. सात बोचकी, सात अर्धवट गोधड्या.

"ह्या कधीच्या?" नानांनी विचारलं.

"होतील हो."

"कधी होतील ते नंतर. कधीच्या, ते सांग."

संध्याकाळपर्यंत वहीत रकाने आखून तयार होते. अनुक्रमांक, विषय, प्रारंभ दिनांक, सद्यस्थिती, विलंबाचे कारण, शेरा. सद्यस्थिती पाहायला मलाही बोलावलं होतं. साक्षीदार म्हणून असावं, कारण वहीत माझी सही घेतली.

पहिली सासूबाईंच्या दोन इरकली लुगड्यांची. एक लुगडं खाली, एक वर, मध्ये जुन्या धोतरांचे थर. गोधडी काठाकडून आत शिवत जातात, चौकोनात चौकोन, एका बोटाच्या अंतरावर धावदोरा. माई चारी बाजूंनी आत येत येत मधल्या जेमतेम ताटाएवढ्या जागेपाशी थांबल्या होत्या. सुईसुद्धा तिथेच टोचलेली, गंजून पार लुगड्याचाच भाग झालेली. दुसरं नातवाचं दुपटं. बाळ यायच्या आधी काही शिवून ठेवू नये म्हणतात, म्हणून माईंनी बारसं झाल्यावर हातात घेतलं. नातू आता सातवीत आहे आणि परवा त्याने त्या दुपट्याने सायकल पुसली. तिसरं बोचकं उघडताच नाना ताठ झाले. आत त्यांच्याच कचेरीतल्या शर्टांचे तुकडे होते.

"हा तर तो निळा! मी किती शोधला हा शर्ट!"

"सापडला ना," माई म्हणाल्या.

त्या गोधडीची मात्र गंमतच होती. शर्ट सगळे टेरिकॉटचे. टेरिकॉट ना घाम टिपत, ना अंगाशी लागत, आणि शिवताना एका थरावरून दुसरा थर सटकतो. सुती असते तर ती गोधडी केव्हाच झाली असती, असं माईंचं म्हणणं. म्हणजे इस्त्रीचा त्रास नको म्हणून नानांनी जन्मभर जे कापड पसंत केलं, त्यानेच हे प्रकरण लोंबकळत ठेवलं. वहीत याची नोंद झाली नाही.

सातवी क्लासची. मुलीने हौसेने पैसे भरून माईंना पुण्याला जोडकाम शिकायला धाडलं होतं. तिथे अमेरिकन धर्तीचं 'लॉग केबिन' शिकवलं. मध्ये एक लाल चौकोन, तो म्हणजे घरातली चूल, आणि त्याच्याभोवती पट्ट्या जोडत जायच्या, त्या लाकडी भिंती. माईंच्या नऊ चुली झाल्या होत्या. भिंती श्रीखंडाच्या डब्यात कापून ठेवल्या होत्या. चौथी, पाचवी, सहावी या वायलच्या पाचवारींच्या. त्यांची कच्च्या टाक्यांपुढे मजल गेली नव्हती. त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

खरा घोळ झाला तो 'विलंबाचे कारण' या रकान्यात. नानांनी पेन उघडलं आणि माई सांगत गेल्या. कसलाही राग नाही. वाणसामानाची यादी सांगावी तशा सुरात.

"इरकल. शेवटचे चार वेढे राहिले आणि तुमची दहिवडीला बदली. भांडी बांधली, ती पण बांधली. तिकडून आलो तर पाटणला. पाटणला खोली इतकी लहान, की गोधडी पसरली तर तुम्ही बाहेर."

नानांनी लिहिलं : प्रशासकीय कारणास्तव.

"शर्टांची. तेव्हा निवडणुका लागल्या. तुम्ही रात्री दोनला जेवायला यायचात, आणि एकटे नाही. बरोबर कोण कोण असायचं, सगळ्यांना पिठलं."

प्रशासकीय कारणास्तव.

"वायलची पहिली. नणंदबाईंचं बाळंतपण. दुसरी, सासूबाई पडल्या. तिसरी, मुलीची दहावी. आणि दुपटं तर अगदी होत आलं होतं, तर तुमचा मणका धरला. सहा आठवडे पाठीला शेक दिला की नाही?"

नाना बराच वेळ पेन हवेत धरून बसले. मग त्यांनी रकान्याचं शीर्षक खोडून 'इतर माहिती' असं केलं. त्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत सगळ्यात चपळाईने घेतलेला निर्णय हाच असावा असं मला वाटतं.

पुढे वर्गवारी. कचेरीत सहा गठ्ठ्यांची पद्धत असते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्यवाहीची, प्रतीक्षेतली, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. अभिलेख कक्षात पुन्हा अ, ब, क, ड. 'अ' वर्ग कायम जपायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'ड' एक वर्ष. प्रत्येकाचा रुमाल वेगळा : लाल, हिरवा, पिवळा, पांढरा. नानांनी इरकल 'अ' वर्गात टाकली आणि तिला बांधायला लाल रुमाल शोधू लागले. घरात लाल सुती कापड म्हणजे माईंच्या त्या नऊ चुलींतून उरलेलं. ते नानांनी घेतलं. त्यामुळे क्लासची गोधडी पुन्हा मागे पडली. वायलच्या तिघी 'ड' वर्गात, म्हणजे नष्ट करायच्या, असं ठरताच माईंनी नुसतं पाहिलं. तिघी मुकाट 'ब' वर्गात आल्या.

त्यानंतर नानांनी व्याख्या मागितली. निकालीनाना जातीचा माणूस व्याख्येवाचून पाऊल टाकत नाही. "पूर्ण म्हणजे नेमकं काय? कुठल्या टाक्याला पूर्ण म्हणायचं?"

माईंनी उत्तर कर्नाटकातून आणलं. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका 'कवंद' नावाची गोधडी शिवतात. माईंनी ती एका प्रदर्शनात पाहिली होती. त्या बायका कोपऱ्यापासून तुकडे जोडत जोडत आत येतात, आणि सगळं शिवून झालं तरी काम संपलं असं मानत नाहीत. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची तिकोनी फुलं लावावी लागतात. फुलाविना कवंद म्हणजे नागडं. तेव्हापासून माईंचंही तेच. फुलं नाहीत तर गोधडी नाही. थोडक्यात, उद्दिष्ट गाठत आलं की ते चार कोपऱ्यांनी वाढवायचं. नाना त्यावर काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच आदर दिसला. हे तंत्र ते ओळखून होते. कचेरीत अर्जदाराला 'आणखी एक जोडपत्र' सांगायचं ते यातलंच.

दुसऱ्या दिवशी कामवाटप. इरकल घटस्थापनेआधी हातावेगळी करायची म्हणून नानांनी आळीतल्या चौघींना बोलावलं, चहा-पोह्यांची सोय केली, आणि वायलच्या एका गोधडीवर रंगीत तालीम म्हणून चौघींना चार बाजू नेमून दिल्या. एक बाजू, एक जबाबदार व्यक्ती. चौघी बसून शिवायला लागल्या की एरवी एकीमागून एक, एकाच दिशेने फिरत जातात, कारण प्रत्येक टाक्यागणिक वरचं कापड थोडं थोडं सरकत असतं आणि तो झोळ हाताने पुढे ढकलत न्यावा लागतो. माईंनी हे दोनदा सांगितलं. नानांनी 'सूचना नोंदवली' म्हटलं. चौघींनी चार दिशांनी आपापले झोळ आत ढकलले, आणि दुपारी साडेतीनपर्यंत गोधडीच्या मधोमध अजिंक्यतारा उभा राहिला. बायका हसून हसून पोहे सांडत्या झाल्या. नानांनी शेरा मारला : समन्वयाचा अभाव.

इथवर आला की यांतला सामान्य नमुना वही मिटून सकाळच्या फेरफटक्याला लागतो. नाना मात्र स्वतः शिवायला बसले. आधी टेबल-खुर्चीवर. ते जमेना, कारण गोधडी शिवायची तर गोधडीवरच बसावं लागतं. आपल्याच वजनाने थर दाबून राहतात. मग सतरंजी, पाठीला लोड, डोळ्यांवर जवळचा चष्मा, सुईत दोरा ओवायचं तुळशीबागेतलं पत्र्याचं यंत्र. पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून दोरा खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत घेतला. त्याला दर तिसऱ्या टाक्याला गाठ बसू लागली.

"दोरा हातभर घ्यायचा," माई म्हणाल्या, "आणि मेणबत्तीवरनं ओढून घ्यायचा. गुंतत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कुठे? रकाना नव्हता."

घट बसले, उठले, दसरा झाला. नाना रोज दुपारी दोन ते चार, मधली सुट्टी सोडून, इरकलीवर बसत. त्या ताटाएवढ्या जागेत किती वेढे बसतात ते त्यांना तेव्हा कळलं. माईंचे टाके तांदळाच्या कण्यांएवढे, एका रेषेत; नानांचे त्यांच्या सहीच्या वळणाचे, सुरुवातीला मोठे आणि शेवटी फराटा. कुठे माईंचा हात थांबला आणि कुठून नानांचा सुरू झाला, हे शेंबडं पोरही सांगेल. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते नानाच दाखवत. दसरा सरल्यावर कोपऱ्यांना फुलं लागली. ती माईंनी लावली, दहा मिनिटांत. नानांनी वहीत 'निकाली' लिहून खाली दोन रेघा ओढल्या, आणि त्या दिवशी बायकोला चक्क बाहेर जेवायला नेलं. थाळी अमर्यादित होती, तरी नानांनी पावती तपासली.

नोव्हेंबर उजाडला. निवृत्त माणसाच्या पंचांगात दिवाळीपेक्षा मोठा सण या महिन्यात येतो, हयातीच्या दाखल्याचा. आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन सांगायचं आणि सही ठोकायची. नाना पहिल्या दिवशी पहिल्या नंबराला उभे राहणाऱ्यांतले. पिशवी भरायला घेतली, तर पेन्शनचं पीपीओ सापडेना. निवृत्तिवेतनाचा तो आदेश नाना प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जपत. कपाट उपसलं, माळा उपसला, परिपत्रकं उपसली. आळीभर कुजबुज, की नानांचं काहीतरी हरवलंय. नानांचं काही हरवतं ही कल्पनाच आम्हाला नवी होती.

रात्री थंडी पडली म्हणून माईंनी इरकल पांघरली. कूस बदलली की पोटापाशी करकर वाजे. दिवा लावून त्यांनी हात फिरवला. मधल्या चौकोनात, धोतराच्या दोन थरांमध्ये, आयताकृती काहीतरी. शिवताना नाना महत्त्वाचे कागद नेहमी मांडीशी ठेवायचे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. थर सारखे करताना एक कागद दप्तरीदाखल झाला होता. चारी बाजूंनी टाके, दुहेरी दोरा, आणि नानांनी प्रत्येक वेढ्याला मारलेल्या तीन-तीन गाठी.

सकाळी मी पेपर मागायला गेलो तेव्हा नाना कात्री घेऊन गोधडीपुढे बसले होते आणि माईंनी कात्री त्यांच्या हातातून काढून घेतली होती.

"उसवून दे की गं. आज बँकेत जायचंय."

"कात्री लागली तर लुगडं फाटेल. 'अ' वर्ग ना? कायम जपायचं." माईंनी गोधडीची घडी घातली. "सुईने एकेक टाका काढावा लागेल. वेळ लागतो त्याला."

"किती वेळ?"

माईंनी वही ओढली, चष्मा लावला, नवं पान उघडलं.

"माझ्याकडे आधीची सहा प्रकरणं आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही अर्ज लिहून ठेवा. आणि हो, विलंबाचं कारण स्वच्छ अक्षरात लिहा."