काय भरलीस गो!

स्टेरॉइडच्या गोळ्यांबरोबर खोक्यात एक घडीचा कागद येतो. तो पूर्ण उलगडला तर जेवणाचं टेबल झाकलं जातं. दुष्परिणामांच्या त्या बारीक अक्षरातल्या यादीत सगळं आहे, फक्त कौतुक नाही. मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला.

मला आमवात आहे, म्हणजे रूमटॉइड आर्थ्रायटिस. आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्या मागे लागते. सांध्यांचं अस्तर सुजतं आणि सकाळी तासभर तरी बोटं मिटत नाहीत. दुधाची पिशवी दातांनी फोडावी लागते. पण हा सगळा कारभार घरातल्या घरात. मुंबईत, वर्सोव्याच्या यारी रोडवर मी चारचौघींसारखीच दिसायचे. आजार बाहेरून दिसत नाही, औषध दिसतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, थोड्याच आठवड्यांत गाल भरले, मग हनुवटी भरली, मग गाल कुठे संपतात आणि हनुवटी कुठे सुरू होते हे कळेनासं झालं. डॉक्टर याला मून फेस म्हणतात. वर्सोव्याच्या मासळीबाजारातल्या मावशी म्हणाल्या, "काय भरलीस गो बाय! लेकीकडं राहून आलीस काय?" आणि वाट्यावर दोन बोंबील जास्त टाकले.

औषध म्हणून स्टेरॉइडची सुरुवातच अशी वाहवा घेत झाली. सप्टेंबर 1948मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या 29 वर्षांच्या एका बाईंना 'कंपाउंड ई' टोचलं. हेच पुढचं कॉर्टिसोन. काही दिवसांत त्या चालू लागल्या, आणि चालत गेल्या कुठे, तर खरेदीला. चांगल्या तीन तास! हेंच आणि याच संशोधनातले केंडाल व राइखस्टाइन यांना 1950चं नोबेल मिळालं. चेहरा सुजणं, मन बिथरणं वगैरे भानगडी पाठोपाठ उघडकीला आल्याच. मला मात्र त्या तिघांपेक्षा त्या बाई जास्त जवळच्या वाटतात. कारण गोळ्या सुरू होऊन आठवडा उलटायच्या आत मीही सात बंगल्यापासून कोळीवाड्यापर्यंत पायी गेले आणि पापलेटच्या भावावरून मनसोक्त भांडले.

ही गोळी सकाळी घ्यायची, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल सकाळीच चढतं. तरी रात्री झोप येत नाही ती नाहीच. त्या वेळी भूक लागते आणि कामाचा उत्साह येतो. एकदा पहाटे तीनला मी माळा आवरायला काढला. नवऱ्याने अंधारात घाबरून विचारलं, "कोण आहे?" म्हटलं, "मीच. कालची वांगी कुठे ठेवलीस?"

शिवाय ही गोळी एकटी नांदायला येत नाही, आपलं अख्खं खटलं घेऊन येते. साखर वाढली म्हणून साखरेची गोळी. पोटासाठी एक. हाडं विरळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि आठवड्यातून एकदा येणारी हाडांची बडी गोळी. ती उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास खायचं नाही, आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं. अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते म्हणून. एवढा मान आमच्या घरात सासूबाईंनाही मिळाला नव्हता.

पुढे प्रत्येक तक्रारीचं पालकत्व ठरवावं लागतं. बोटं सुजली, तर आजाराची. दंडावर जांभळा डाग उठला, तर औषधाची. रिक्षावाल्यावर ओरडले, तर? डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइडने चिडचिड होते. नवरा म्हणाला, ही तक्रार जुनी आहे.

2021च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर तर सोसायटीतला जो तो स्टेरॉइडतज्ज्ञ झालाय. महाराष्ट्रात काळ्या बुरशीने माणसं गेली आणि बेताल साखर व बेसुमार स्टेरॉइड यांची जोडी त्यामागे होती, हे सगळ्यांच्या पक्कं लक्षात आहे. आदल्याच वर्षी ऑक्सफर्डच्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनेच ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचवले होते, ते कुणाला आठवत नाही. लिफ्टमध्ये एक काका म्हणाले, "वहिनी, आजच्या आज बंद करा ते." आता लिफ्टमध्ये तळमजला येईपर्यंत किती सांगणार? मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड संप्रेरक घरीच बनवतात. बाहेरून पुरवठा सुरू झाला, की मेसचा डबा लागलेल्या मुलासारख्या त्या स्वयंपाक विसरतात. डबा एकदम तोडला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून मिलिग्रॅम मिलिग्रॅम करत, डॉक्टरांच्या सांगण्यानेच उतरायचं.

तोवर तो चेहरा मिरवायचा. वर्सोवा हे मेट्रोचं पहिलं स्टेशन, त्यामुळे जागा मिळते. पण अंधेरीला एखाद्या काठीवाल्या आजी चढल्या, की सगळा डबा माझ्या टवटवीत गालांकडे बघतो. माझे गुडघे कुणाला दिसत नाहीत. मी उठते. आजी बसता बसता म्हणतात, "देव तुझी तब्येत अशीच ठेवो." डॉक्टरांचा बेत वेगळा आहे, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

आराम नगरच्या कोपऱ्यावर ऑडिशनसाठी माणसं हेरणाऱ्या एका मुलाने तर मला थांबवलंच. तुपाच्या जाहिरातीत सुखवस्तू आजी हवी होती. "मॅडम, असा ग्लो मेकअपने येत नाही." मी म्हटलं, "तीस मिलिग्रॅमने येतो." त्याने ते बहुधा एखाद्या क्रीमचं नाव समजून मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

पुढे मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या दुसऱ्या औषधाचा जम बसला आणि स्टेरॉइड उतरत गेलं. साखर खाली आली, बोटं बरीच मिटू लागली, गाल ओसरले. मग वर्सोवा हळहळलं. मावशींनी बोंबील मोजून घातले आणि विचारलं, "काय झालं गो? सुकलीस पार." काकांनी लिफ्टमध्ये आवाज खाली आणून एका वैद्यांचा नंबर दिला. आराम नगरच्या त्या मुलाने व्हिडिओ कॉलवर मला पाहिलं, क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "मॅडम, तूप गेलं. पण एका मालिकेत पेशंट हवी आहे. संवाद नाहीत, कॉटवर पडून कण्हायचं. उद्या सकाळी सातची शिफ्ट."

मी नाही म्हटलं. सकाळी सातला मला पेशंटचा अभिनय जमत नाही.