दाजींची डिश आणि नजरबादचं आभाळ

चाकांवरच्या घरात ओटा असतो, झोपायच्या फळ्या असतात, एक माणूस कसाबसा मावेल असं न्हाणीघरही असतं. नसते ती गच्ची. आणि गच्ची नसेल तर डिश कुठे लावायची, हा प्रश्न जगात फक्त आमच्या दाजींनाच पडत असावा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळने त्याच वर्षी ‘केराव्हॅन’ काढलं. पण संध्याकाळी सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या लागल्या नाहीत तर माणसाने काय करावं, याचा विचार दोन्ही सरकारांना सुचला नाही. दाजी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पुण्याहून निघतानाच घरची फ्री डिश, तिचा तिपाया आणि वायरीचं भेंडोळं सोलापुरी चादरीत गुंडाळून गाडीत चढवलं. ताईच्या मते त्या जागेत चार दिवसांचा फराळ बसला असता.

म्हैसूरला आमचा मुक्काम नजरबादेत पडला, ओळखीच्या एका घराच्या अंगणात. राजवाडा चालत जाण्याएवढा जवळ, प्राणिसंग्रहालयही लांब नाही आणि मैलारीचा मऊ लोणी-डोसा हाकेच्या अंतरावर. आम्ही डोशाची चौकशी करत होतो, तेव्हा दाजी अंगणाच्या मधोमध उभे राहून चामुंडी टेकडीकडे डोळे बारीक करून बघत होते. टेकडी एवढी मोठी, म्हणजे अडवणार, असं आम्हाला वाटलं. दाजी म्हणाले, “टेकडीचा काही संबंध नाही. झाड बघा.”

पूर्वी टेकडीचा संबंध फार होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि मग पुण्याला सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून चित्रं दिसू लागली. तेव्हा पुण्यातल्या प्रत्येक कौलावरचा अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असे. वर चढलेला काका, खिडकीत उभी काकू, आणि त्यांच्यामध्ये ‘आलं का?’, ‘आलं... गेलं!’ एवढाच संवाद. कित्येक संसारांत त्या काळात नवरा-बायकोचं याहून सलग बोलणं झालं नसेल. मधे टेकडी आली की मुंग्या, टेकडीवर मनोरा आला की रामायण. लाटा जमिनीलगत यायच्या, त्यामुळे जमिनीच्या उंचसखलपणाला मान होता.

आता चित्र वरून येतं, विषुववृत्तावर जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहावरून. फ्री डिशच्या वाहिन्या ज्याच्यावरून येतात तो जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. पुण्याहून तो आग्नेयेला साधारण ५९ अंशांवर दिसतो. म्हैसूर विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून इथून तो ६५-६६ अंशांवर चढलेला असतो. नजरबादेतून दिशा काढली तर ललितमहाल डावीकडे आणि चामुंडी उजवीकडे ठेवून मधल्या मोकळ्या आभाळाकडे. टेकडी क्षितिजावर जेमतेम पाचेक अंश डोकं काढते, तिची कसली अडचण? अडचण होती ती यजमानांच्या अंगणातल्या पर्जन्यवृक्षाची. असा ऐसपैस पसरलेला की त्याच्याखाली गाडी लावली की एसी लागत नाही. म्हणूनच तर आम्ही ती तिथे लावली होती.

म्हणजे एकाच झाडाने सावली दिली आणि सह्याद्री अडवली. ताई सावलीच्या बाजूने, दाजी सह्याद्रीच्या. मग दाजींनी त्यांचं गणित मांडलं: इथे झाडाच्या साधारण निम्म्या उंचीएवढं झाडापासून दूर सरकलं की शेंडा आड येत नाही. युरोपात उपग्रह आभाळात फार खाली असतो, त्यामुळे तिथल्या कॅराव्हॅनवाल्यांना झाडाच्या दुप्पट अंतर सोडावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. युरोपातल्या लोकांचं ऐकून ताईला काही समाधान वाटल्याचं दिसलं नाही.

आधीच्या मुक्कामांत डिश टपावर लावली होती. तिथे वेगळाच घोळ. गाडीचा हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, तरी ताईने आत पोळी लाटायला घेतली की गाडी स्प्रिंगांवर डुलायची आणि चित्राचे चौकोन व्हायचे. एक अंश डिश हलली तर तिकडे, उपग्रहाच्या उंचीवर, सव्वासहाशे किलोमीटरची चूक होते. हे दाजींनी पोळपाटाकडे बघत सांगितलं. गंमत अशी की तो उपग्रह सेकंदाला तीन किलोमीटरच्या वेगाने धावत असतो आणि तरी आपल्याला एका जागी खिळलेला दिसतो. आणि आम्ही, खिळलेले, हलत होतो. त्याला जागेवर राखायचं काम जिथून चालतं ते इस्रोचं केंद्र हासनला आहे, म्हैसूरपासून दोन-अडीच तासांवर, १९८२पासून. आपल्या घरातल्या वस्तू जागेवर ठेवायला असं एखादं केंद्र हवं होतं, असं ताई म्हणाली.

तेव्हा तिपाया अंगणात, फाटकाजवळ आणला. भाची सेट-टॉप बॉक्सच्या पट्ट्या वाचायला आत बसली. पट्ट्या दोन असतात. ‘स्ट्रेंथ’ म्हणजे नुसतं काहीतरी येतंय. ती डिश कुठेही वळवली तरी चांगली नव्वद टक्के दाखवते. ‘क्वालिटी’ म्हणजे आपल्याला हवं ते येतंय. पहिली पट्टी राजकीय सभेतल्या वक्त्यासारखी: जोर भरपूर, हाती काही नाही. भाची तासभर ‘स्ट्रेंथ नव्वद, क्वालिटी शून्य’ म्हणत होती. मधेच तिने फोन पुढे केला आणि म्हणाली, “बाबा, ह्या बघा बातम्या, लाइव्ह.” दाजींनी त्या पाहिल्यासुद्धा नाहीत. “ते फोनवर दिसतं. टीव्हीवर लागतं,” म्हणाले, आणि डिशच्या तोंडासमोरच्या एलएनबीची मान दोन बोटं फिरवली.

मला दाजींचं पटतं. फोनवरची बातमी एकेकट्याची. टीव्ही लागला की घर लागतं, मग ते घर उद्या कोडगूला जाणार असलं तरी. शिवाय गाव तसंच. टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडला आणि ते दगड आणून नजरबाद नावाचं नवं ठाणं बांधायला घेतलं. १७९९ला टिपू पडल्यावर तेच दगड उचलून परत म्हैसूरला नेले. ज्या मोहल्ल्याच्या दगडांनी असा मुक्काम हलवला, तिथे आमच्या गाडीला परकं वाटायचं कारण नव्हतं. आणि आभाळातून घरात आवाज उतरवायचं वेड तर या शहराला आमच्या आधीपासून. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्याच घरातून रेडिओ केंद्र चालू केलं आणि त्याला ‘आकाशवाणी’ म्हटलं. सरकारने ते नाव पुढे घेतलं. घरातल्या मंडळींनी तेव्हा प्राध्यापकांना काय म्हटलं असेल, याची मला उत्सुकता आहे. ताई म्हणते, तिला नाही.

क्वालिटी बासष्टवर आली तेव्हा रविवार होता आणि सात वाजायला दहा मिनिटं होती. रविवारी संध्याकाळी सातला राजवाड्याचे जवळजवळ एक लाख दिवे एकदम लागतात. ताई चपला घालून फाटकात उभी.

“अहो, चला ना. बातम्या काय, उद्याही आहेत.”

“दिवे पुढच्या रविवारीही आहेत,” दाजी म्हणाले. “आणि आत्ता लागलंय.”

आम्ही तिघं गेलो. राजवाडा लागला, बँड वाजला, भाचीने पाच-पन्नास फोटो काढले. परत आलो तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या. यजमानांच्या आजी, शेजारचे दोन निवृत्त गृहस्थ आणि फाटकाबाहेरून डोकावणारा रिक्षावाला. गाडीचं दार सताड उघडं, आत टीव्ही. विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडण्याची शक्यता होती आणि मराठीचा गंध नसलेले ते दोघे गृहस्थ मान डोलावून दाजींना कानडीत विचारत होते, आमच्या घरच्या डिशला उद्या जरा बघता का?

कोडगूला आम्ही मंगळवारी निघालो.